तेक्केडत्त घराण्याची हेडर फाईल

आमच्या घराच्या नावाची हेडर फाईल जगातल्या कुठल्याही सर्व्हरवर मिळत नाही. हे मी बऱ्याच जणांना बऱ्याच प्रकारे सांगून पाहिलं. मावसभावाला फोनवर सांगितलं, तो म्हणाला, नीट शोध. वाचनालयातल्या समितीला सांगितलं, त्यांनी ते इतिवृत्तात घेतलं. शेजारच्या औसेप्प मास्टरांना सांगितलं, तर ते म्हणाले की इरिंजालकुड्यात मिळत नसेल तर त्रिशूरला हायरोडवर बघ, तिथं न मिळणारी वस्तू अजून जन्माला यायची आहे.

तेक्केडत्त हे आमचं घर. अम्माचं, तिच्या आईचं, तिच्या आईच्या आईचं. आमच्यात घर लेकीकडून लेकीकडे जातं. अच्छन, म्हणजे माझे वडील, लग्नानंतर इथं राहायला आले ते वीज मंडळातली नोकरी आणि एक पेचकस घेऊन, असं अम्मा सांगायची. म्हणजे तिला सांगता येत होतं तेव्हा. पुढं तिला झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. कळत मात्र सगळं होतं, आणि आधीपेक्षा जास्त, कारण आता मधे बोलायची सोय उरली नव्हती.

निवृत्त इंजिनिअराला घरात काहीतरी बिघडलेलं लागतं. मिक्सर, पंप, घड्याळ, काहीही. त्या वर्षी अच्छनच्या वाट्याला बायको आली. त्यांनी दुःख केलं नाही, सोल्डरिंग केलं. फणसाच्या लाकडाची एक पेटी केली, तिच्यावर शाळेच्या प्रश्नमंजूषेत असतात तशी मोठाली रंगीत बटणं बसवली, आणि पेटीची वायर जुन्या संगणकाच्या मागच्या बाजूला, जिथं पूर्वीच्या काळी प्रिंटर जोडत, तिथं खुपसली. अम्मानं डाव्या हातानं बटण दाबलं की घरभर लावलेल्या स्पीकरांतून तिची मागणी ऐकू यायची. आवाज अर्थात अच्छनचा.

त्यावर माझी मावशी, तंकमणी चेरियम्मा, तेव्हाच बोलली होती की बाईचं बोलणं आहे तर निदान बाईचा आवाज तरी घाला. अच्छन म्हणाले, "माझा आवाज तिच्या सवयीचा आहे. परक्या बाईचा आवाज घरात आणला तर ती आधी तिलाच हाकलेल."

आवाज त्यांचा आणि मतंही त्यांचीच. दिव्याचं बटण नुसतं 'दिवा मालवा' म्हणायचं नाही. ते म्हणायचं, "दिवा मालवा. वीज काय झाडाला लागते?" आणखी एक बटण होतं ते, "पाहुण्यांना जेवून जायचंय का, विचारा." हे आदरातिथ्य नव्हे. आमच्या घरात हा प्रश्न आला की पाहुणे उठायचे. हिरवं बटण चहाचं: "चहा. साखर नको." अच्छनना मधुमेह होता. अम्माला नव्हता. पण घरात कायदा एकच असला पाहिजे असं ठरवून त्यांनी सगळ्यांची साखर बंद केली होती, आणि त्यावरून दोघांची भांडणं माझ्या लहानपणापासून मी ऐकत आले होते. अम्माची वाचा गेली, आणि कायदा तिच्याच बटणात जाऊन बसला. लाल बटण अच्छनना बोलवायचं. त्यात त्यांनी स्वतःच स्वतःला हाक मारली होती, "अहो, इकडे या." घरभर ती हाक घुमायची आणि मग व्हरांड्यातून त्याच आवाजात उत्तर यायचं, "आलो, आलो."

कुणाही शहाण्या माणसानं हे काम बाहेरच्या बाहेर उरकलं असतं. अच्छननी थेट लिनक्सच्या कर्नेलमध्ये हात घातला. कर्नेल म्हणजे संगणकाचा गाभारा. आपण सगळे बाहेर हात जोडून उभे असतो आणि काय हवं ते आतल्यांकरवी मागतो. बाहेर उभं राहून अर्ज करणं मी नोकरीत पुष्कळ केलं, असं म्हणून अच्छननी पूर्ण सोर्स कोड, म्हणजे त्याचा मूळ मजकूर, नेटवरून उतरवून घेतला, आत आपल्या पेटीसाठी एक तुकडा लिहिला आणि सगळं कर्नेल स्वतः कंपाईल केलं, म्हणजे यंत्राला कळेल अशा रूपात आणलं. असं केलं की आवृत्तीच्या आकड्यांपुढं आपलं एक नाव जोडायची मुभा असते. हौशी माणसं स्वतःचं जोडतात. आमच्या संगणकाला विचारलं, तू कोण, तर तो काही आकडे सांगायचा आणि शेवटी सांगायचा, तेक्केडत्त. बायकोचं घर. स्वतःचं नाव त्यांनी कुठंच घातलं नव्हतं. मला तेव्हा ते विचित्र वाटलं होतं. आता त्यावर मी फार वेळ थांबत नाही, कारण पुढचं सांगायचं आहे.

अच्छन हृदय बंद पडून गेले. मी कोट्टयमला एका प्रकाशनात मुद्रितं तपासते, तिथून आले. घर आवरताना त्यांच्या हत्यारांच्या कपाटात, सोल्डरच्या रिळांमागे, मला एक पत्र्याचा डबा सापडला. त्यात साखर होती. आत चमचाही. कोपऱ्यावरच्या दुकानदारानंही सांगितलं की सर नेमानं साखर न्यायचे. तेव्हा मला सगळं समजलं. दुसऱ्यांवर कायदा लादायचा आणि स्वतः कपाटात तोंड घालून खायचं, आणि मग हृदय बंद पडलं की बायकोला एका पेटीच्या भरवशावर सोडून जायचं. चेरियम्माला डबा दाखवला. ती म्हणाली, पुरुष असेच. रडण्याऐवजी मी सोळाव्या दिवसाच्या विधीपर्यंत त्यांच्यावर रागावून राहिले. ते सोयीचंही असतं. रागात माणसाला केळीची पानं मोजता येतात, आचाऱ्याशी बोलता येतं.

सोळाव्याचं जेवण झालं. पायसमवर हात मारून मंडळी सुस्तावली, आणि चेरियम्माचा मुलगा प्रशोभ, जो कोचीला संगणकाच्याच कंपनीत आहे, तो काहीतरी मदत करावी म्हणून अच्छनच्या संगणकाशी जाऊन बसला. आमच्याकडे शोकाच्या घरी कुणी रिकाम्या हातानं बसत नाही. बायका भांडी घासतात, म्हातारे सल्ले देतात, आणि तरुणांना काही काम नसल्यामुळे ते दुरुस्त असलेल्या गोष्टी दुरुस्त करतात.

"चेची, केवढं जुनाट ठेवलं होतं काकांनी," असं मला, त्याच्या ताईला, सांगत तो हात पुसत बाहेर आला. "सगळं अद्ययावत केलं. जुनं कर्नेल काढून टाकलं. आणि सोर्सच्या फोल्डरमध्ये काय कचरा होता, शेकडो एमबी. नुसता मजकूर."

मी मजकुरावरच पोट भरते, हे त्याला ठाऊक असावं.

संध्याकाळी अम्मानं हिरवं बटण दाबलं. काही झालं नाही. तिनं पुन्हा दाबलं. मग पेटीकडे पाहिलं, आपल्या हाताकडे पाहिलं, आणि हात उचलून मांडीवर ठेवला. त्यानंतर तो हात पेटीकडे गेला नाही. मी न विचारता वेळेवर चहा करून द्यायचे, साखरेशिवाय, घरातल्या शिरस्त्याप्रमाणे. ती एक घोट घ्यायची आणि तोंड फिरवायची. जेवणही तसंच.

मग घरच्यांची बैठक बसली. माझी रजा संपत आली होती. चोवीस तास राहणारी होमनर्स मिळत होती, पण रात्री-अपरात्री अम्मा तिला बोलावणार कशी, असा चेरियम्माचा मुद्दा होता, आणि मुद्दा चुकीचा नव्हता. गुरुवायूरच्या रस्त्यावर सिस्टर लोकांचं, म्हणजे ख्रिस्ती नन्सचं, एक वृद्धसदन आहे. तिथं जागा होती. चेरियम्मानं बोलणी करून टाकली. अडचण एकच निघाली. सदनाचा नियम असा की माणूस शुद्धीवर असेल तर त्याच्या संमतीशिवाय घ्यायचं नाही, आणि त्यासाठी सिस्टर स्वतः घरी येऊन विचारणार.

"तिला हो म्हणता येत नाही," मी म्हटलं.

"नाही तरी कुठं म्हणता येतंय?" चेरियम्मा म्हणाली. "जी नाही म्हणत नाही ती हो म्हणते, गिरिजे. आमची लग्नं अशीच झाली."

ज्या घरात अम्मा जन्मली, ज्या घराचं नाव घेऊन तो संगणक सुरू होत होता, तिथून तिला एका बटणापायी उचलून नेणार होते. सिस्टर येईपर्यंत पेटी बोलती करणं एवढंच मग माझ्या हातात उरलं. म्हणजे हातात नव्हतंच, पण दुसरं काही त्याहूनही नव्हतं.

सल्ल्यांना तोटा नव्हता. औसेप्प मास्टर मुख्याध्यापक होते. ते शाळेची जुनी पितळी घंटा घेऊन आले आणि अम्माच्या डाव्या हातात दोरी दिली. अम्मानं ती सोडून दिली. मास्टरांना वाईट वाटलं. त्या घंटेचं त्यांच्या हयातीत कुणी ऐकलं नाही असं झालं नव्हतं. मग सगळ्यांच्या मतानं मी एक टॅब्लेट आणला. त्यात चित्राला बोट लावलं की एक बाई वृत्तनिवेदिकेच्या थाटात म्हणायची, "मला तहान लागली आहे." अम्मानं तिचं दोनदा ऐकून घेतलं. मग टॅब्लेट उचलला आणि तोंड खाली करून ठेवला. अच्छन म्हणाले होते ते खरं झालं, याचाही मला रागच आला.

राहिला संगणक. अच्छनच्या फोल्डरमध्ये पेटीच्या ड्रायव्हरची, म्हणजे त्यांनी पेटीसाठी लिहिलेल्या तुकड्याची, मूळ फाईल शाबूत होती. तिला कंपाईल करायला गेलं की एकच तक्रार: तेक्केडत्त डॉट एच ही हेडर फाईल सापडत नाही. प्रशोभला फोन केला. तो म्हणाला, "हेडर बसव ना, चेची. कर्नेलच्या हेडरचं पॅकेज असतं." बसवलं. ते नेमकं त्यानं नव्यानं बसवलेल्या कर्नेलच्याही पुढच्या आवृत्तीचं निघालं. पायात एक चप्पल मागच्या वर्षीची आणि एक पुढच्या वर्षीची. ते बदलून जुळतं बसवलं. तक्रार तीच.

"असेल एखाद्या तैवानच्या कंपनीची," प्रशोभ म्हणाला. "नेटवर शोध."

"प्रशोभ, ते तुझ्या आजीच्या घराचं नाव आहे. तू तिथं जन्मलास."

तो म्हणाला की त्याची मीटिंग आहे.

आमच्याकडे वाचनालयात मुक्त सॉफ्टवेअरची एक समिती आहे. इथं चहाच्या टपरीपासून ज्योतिषापर्यंत सगळ्याची समिती असते, तशीच ही. चिटणीस सुगतन, एकेकाळचे अच्छनचे सहकारी आणि त्यांच्याशी कडकडून भांडलेले. मी प्रश्न सांगायला सुरुवात केली तेव्हा त्यांनी हात वर केला. नुसतं लिनक्स म्हणायचं नाही, आधी चळवळीचं नाव, जीएनयू, लावायचं. मी लावलं. मग यावर समितीतल्याच दोघांमध्ये मतभेद झाला की कर्नेलविषयी बोलताना तरी ते लावायचं की नाही. बराच वेळ गेला. अच्छनना श्रद्धांजलीचा ठराव झाला, त्यातही ते कुठं लावायचं यावर उपसूचना आली. शेवटी मला सांगण्यात आलं की हेडर मागत फिरणं ही गुलामी आहे. स्वातंत्र्य म्हणजे सोर्स. ड्रायव्हर ज्या जुन्या आवृत्तीसाठी लिहिला होता तिचा संपूर्ण सोर्स घ्या, वाचा आणि स्वतः कंपाईल करा. हेडर त्यात असणारच.

आवृत्ती ड्रायव्हरच्या पहिल्या ओळीत लिहिलेली होती. सोर्स उतरवला. वाचा म्हणणाऱ्यांपैकी कुणी तो वाचला असेल असं मला वाटत नाही. कंपाईल करण्यापूर्वी तो तुम्हाला प्रश्न विचारतो. किती, ते मी सांगत नाही, कुणी विश्वास ठेवणार नाही. तुमच्याकडे जॉयस्टिक आहे का? तुम्ही हौशी रेडिओ चालवता का? कधीच बुडालेल्या कंपन्यांची कार्डं तुमच्याकडे आहेत का? आणि जवळजवळ प्रत्येक प्रश्नाखाली एक सौम्य सूचना: खात्री नसेल तर 'नाही' म्हणा.

इतक्या दिवसांत मला कुणी दिलेला हा पहिला शहाणपणाचा सल्ला. आयुष्यात हा आधी मिळता तर माझी बरीच वर्षं वाचली असती, आणि अम्मासमोर येऊन उभ्या राहणाऱ्या सिस्टरच्या प्रश्नाखालीही तो छापलेला असता तर बरं झालं असतं. मी 'नाही' म्हणत सुटले. एकदा सवय लागली की त्यात सुख असतं. प्रिंटर जोडायच्या जागेची सोय हवी का? आमच्याकडे प्रिंटर नाही. नाही.

मग कंपाईल सुरू झालं. जुना संगणक, त्यात संध्याकाळचं भारनियमन. ज्या मंडळात अच्छननी जन्म काढला, ज्याच्या भारनियमनाची बाजू घेऊन ते शेजाऱ्यांशी भांडले, त्याच मंडळानं रोज संध्याकाळी त्यांच्या कर्नेलचं बटण बंद केलं. वीज आली की मी जिथं थांबलं तिथून पुढं चालू करायचे. औसेप्प मास्टर कुंपणावरून विचारायचे, "शिजलं का?" मी म्हणायचे, अजून कच्चं आहे. अखेर शिजलं. नाव जोडायची जागा आली तिथं मी तेक्केडत्त जोडलं होतं. संगणक सुरू झाला, तू कोण विचारलं, त्यानं आकडे सांगितले आणि शेवटी आमचं नाव. मी खुर्चीत मागे टेकले.

आणि पेटी संगणकाला दिसेना. प्रिंटरच्या जागेची सोय मी नाकारली होती. पेटी त्याच जागेत खुपसलेली होती. खात्री नसेल तर नाही म्हणा, पण खात्री असेल तेव्हा काय करावं हे त्यात लिहिलेलं नव्हतं. सगळं पुन्हा. पुन्हा भारनियमन. पुन्हा मास्टर.

दुसऱ्यांदा शिजलं. ड्रायव्हर कंपाईल करायला घातला. तेक्केडत्त डॉट एच सापडत नाही.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात आलं की ती त्या सोर्समध्ये कधी नव्हतीच. जगात कुणाकडेच नव्हती. अच्छननी ती स्वतः लिहून कर्नेलच्या फोल्डरमध्ये, इतरांच्या हेडरांत, नेऊन ठेवली होती. घरजावयानं आपलं ताट सगळ्यांच्या ताटांत ठेवावं तसं. प्रशोभनं सगळा मजकूर काढला त्यात ती गेली. तिच्यासाठी मी अख्खं कर्नेल दोनदा रांधलं होतं.

आमच्या वर्तमानपत्रांत एक पूर्ण पान मृत्यूच्या बातम्यांचं असतं. फोटो, आणि खाली: अमक्याचा मुलगा, तमकीचा नवरा, मुलं अमुक, जावई तमुक, तो कुठं नोकरीला. नाती सगळी, आयुष्य एकही नाही. अच्छनचं मीच लिहून दिलं होतं. हेडर फाईल अशीच असते. आत कोण कोण आहे, कुणाला काय नावानं हाक मारायची, कुणाचं कुणाशी नातं काय, एवढंच. ते करतात काय, हे मूळ फाईलमध्ये. माझ्याकडे आयुष्य होतं आणि मृत्यूची बातमी हरवली होती. सहसा उलट होतं.

मुद्रितं तपासणाऱ्याला फाटलेल्या पानाची भीती वाटत नाही. मूळ फाईलमध्ये जिथं जिथं एखादं नाव ओळख न देता येत होतं, तिथं कंपाईलर अडत होता, आणि प्रत्येक अडण्यातून मला हेडरमधली एक ओळ परत मिळत होती. हा कोण? चहा. हा? दिवा. हा? पाहुणे. नावं सगळी मिळाली. मिळाले नाहीत ते क्रमांक, म्हणजे कुठल्या नावाचं बटण पेटीत कितव्या तारेवर आहे. ते मी माझ्या अकलेनं लावले. चहा पहिला, कारण घरात चहाच पहिला असतो. लाल बटणाला क्रमांक दिला तेव्हा स्पीकर बंद केले, आणि तो नीट आहे की नाही ते नुसतं पडद्यावर पाहिलं.

ड्रायव्हर बसला, बाकीची बटणं दाबून पाहायची तेवढी राहिली. त्याच सकाळी सुगतनांचा फोन आला. समितीनं माझ्या प्रश्नावर फेरविचार केला होता. "तसं पाहिलं तर," ते म्हणाले, "याला कर्नेलमध्ये शिरायची गरजच नव्हती. बाहेरून वीसेक ओळींत झालं असतं. मी तेव्हा तुमच्या वडिलांनाही हेच सांगितलं होतं. ऐकतील तर शपथ."

"मग मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही हेडर मागितलंत," ते म्हणाले.

मी फोन ठेवते न ठेवते तोच फाटकाशी गाडी थांबली. चेरियम्मा सिस्टरना घेऊन आली होती, ठरल्या दिवसाच्या आधीच, कारण चांगल्या कामाला उशीर कशाला.

सिस्टर मर्सीना ठेंगण्या, दमलेल्या, बऱ्या बाई होत्या. त्या अम्मापुढं स्टुलावर बसल्या, तिचा डावा हात हातात घेतला आणि हळू आवाजात सगळं सांगितलं: खोली, बाग, सोबतीच्या बायका. मग विचारलं, "आमच्याकडे याल ना, अम्मा?"

"येईल. का नाही येणार?" चेरियम्मा म्हणाली.

अम्मानं हात सोडवून घेतला. तो थोडा वेळ हवेत राहिला आणि मग, इतक्या दिवसांनी, पेटीकडे गेला. तिनं हिरवं बटण दाबलं.

"पाहुण्यांना जेवून जायचंय का, विचारा," अच्छन म्हणाले. बैठकीत, स्वयंपाकघरात, व्हरांड्यात, सगळीकडे.

चेरियम्मा उठून उभी राहिली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मग हळूहळू रंग परत आला आणि त्याबरोबर अपमानही. "भाऊजी गेले," ती म्हणाली, "पण मला घालवायचं काही सोडलं नाही."

सिस्टरना हा संदर्भ ठाऊक नव्हता. त्या म्हणाल्या, जेवण नको, चहा चालेल.

मी संगणकाकडे धावले. हेडरमधला चहाचा क्रमांक बदलला, ड्रायव्हर पुन्हा कंपाईल केला, बसवला. अम्मा, पुन्हा दाब. "बाथरूमला न्या." चेरियम्मानं सुस्कारा सोडला. पुन्हा बदलला. अम्माच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, पण हात पेटीवरच होता. तिनं दाबलं.

"चहा. साखर नको."

तो आवाज नीट, पूर्ण, थोडा हेकट. मला बसावंसं वाटलं, पण चहा करायचा होता. सगळ्यांसाठी केला. अम्माच्या कपात साखर घातली नाही, तिच्याच बटणात तसं म्हटलं होतं. कप तिच्यापुढं ठेवला. तिनं कपाकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडे पाहत तिनं पुन्हा बटण दाबलं.

"चहा. साखर नको."

"हवी."

मला वाटलं चेरियम्मा बोलली. चेरियम्मा तोंड उघडं टाकून अम्माकडे बघत होती. अम्मानं बटण दाबलं. साखर नको, अच्छन म्हणाले. "हवी," ती म्हणाली. शब्द ओठाच्या एका कोपऱ्यातून घासत आला, पण अडखळला नाही. तो नवा नव्हता. वापरातला होता. डॉक्टरांच्या कागदावर तिच्या शब्दांची संख्या शून्य आहे, आणि मी वर्षातून दोनदा सुट्टीला येणारी, मलाही तेच ठाऊक होतं.

"यांना काय हवं ते सांगता येतं की," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी कप खाली ठेवला. "अशांना त्यांच्या होकाराशिवाय आम्ही नेत नाही." चेरियम्मा काही बोलायला गेली. सिस्टरनी तिच्या हातावर हात ठेवला.

अम्माचा डावा हात उठला होता. ती बोट दाखवत होती, स्वयंपाकघराकडे नव्हे. अच्छनच्या हत्यारांच्या कपाटाकडे.

मी कपाट उघडलं. सोल्डरची रिळं बाजूला केली. डबा, आत चमचा. सोळाव्यापर्यंत जपलेला माझा राग असा एकदम निराधार झाला की तो कुठं ठेवावा ते कळेना, म्हणून मी तो हातातल्या डब्यासारखा नुसता धरून उभी राहिले. कायदा बटणात होता. अम्माचा चहा मात्र रोज ते स्वतः करायचे.

एक चमचा घातला. ढवळला. अम्मानं बटण दाबलं. साखर नको, अच्छन म्हणाले. हवी, ती म्हणाली. दुसरा चमचा घातला. तिनं कप उचलला, एक मोठा घोट घेतला, डोळे मिटले आणि उघडले. मग कप ठेवून पुन्हा बटणावर हात.

"चहा. साखर नको."

"हवी."

मी डब्याचं झाकण लावलं. "पुरे आता," मी म्हटलं.

अम्मानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती नजर आजवर त्या घरात फक्त एकाच माणसाच्या वाट्याला आली होती. मग तिनं कप संपवला.